चोवीस-सात

अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना मी फुकट तिकिटावर बघितला. २७ नोव्हेंबर २००८, थँक्सगिव्हिंगचा गुरुवार. पुण्याहून डेट्रॉइटला येऊन मला जेमतेम अडीच महिने झाले होते. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने दोन तिकिटं माझ्या टेबलावर ठेवली आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उरलेली बुंदी वाटणाऱ्या माणसाच्या घाईने तो निघून गेला. दुसरं तिकीट घ्याल का म्हणून मी चार जणांना विचारलं. चौघांनाही नेमकं त्याच दिवशी काम निघालं.

कारण सरळ होतं. डेट्रॉइट लायन्स तोवर अकरा सामने खेळले होते आणि अकराच्या अकरा हरले होते.

फोर्ड फील्ड हे छप्पर असलेलं, पासष्ट हजार लोकांचं मैदान. २००२ मध्ये बांधलं तेव्हा हडसन्स या इथल्या जुन्या मोठ्या दुकानाचं विटांचं गोदाम त्याच्या एका बाजूलाच सामावून घेतलं, त्यामुळे आत शिरताना वखारीत शिरल्यासारखं वाटतं. माझ्या पुढच्या रांगेत दोघे जण डोक्यावर खाकी कागदी पिशव्या घालून बसले होते, डोळ्यांच्या जागी भोकं पाडून. मला वाटलं, सणाची काही प्रथा असेल. मध्यंतरात कळलं की लाज वाटते म्हणून तोंड झाकलंय. त्या दिवशी टेनेसी टायटन्सने लायन्सना ४७-१० असं धुतलं. लोक तासभर आधीच उठून चालू लागले. मी शेवटपर्यंत बसलो. फुकटचं असलं तरी पान अर्धवट टाकून उठायचं नाही, हे आमच्या घरचं वळण.

खेळाचे नियम मला कुणी समजावले नव्हते. थोडे समजले ते कबड्डीमुळे. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्न मिळतात. त्या चारांत दहा यार्ड पुढे सरकलात की पुन्हा नवे चार. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर शहाणा संघ चौथ्या वेळी चेंडू लाथेने लांब उडवून देतो, किंवा टप्प्यात असेल तर दोन खांबांमधून मारून तीन गुण पदरात पाडून घेतो. चौथ्या प्रयत्नातही घुसायचंच म्हटलं तर ती कबड्डीतली ‘डू ऑर डाय’ चढाई. फरक एवढाच की कबड्डीत ती नियमाने अंगावर येते, इथे ती आपण होऊन ओढवून घ्यायची. फसली तर चेंडू आहे त्या जागी समोरच्याच्या हातात. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

डिसेंबरअखेर हिशेब पुरा झाला. सोळा सामने, सोळा पराभव. असं करून दाखवणारा लीगच्या इतिहासातला हा पहिला संघ. एका सामन्यात तर लायन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा मुख्य गडी, अंगावर आलेल्या गड्याला चुकवत पळता पळता मैदानाच्या मागच्या रेषेबाहेर कधी गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याचे प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळाले आणि सामना गेला तोही दोनच गुणांनी. शापाची गोष्ट मी त्याच सुमारास ऐकली. १९५८ साली बॉबी लेन या लाडक्या क्वार्टरबॅकला लायन्सने पिट्सबर्गला देऊन टाकलं. जाताना तो म्हणे म्हणाला, आता पन्नास वर्षं तुम्ही जिंकायचे नाही. तो खरंच असं म्हणाला याला पुरावा नाही. पण १९५८ मध्ये पन्नास मिळवले की किती होतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

ते दिवसच तसे होते. त्याच नोव्हेंबरात तिन्ही मोठ्या मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारकडे हात पसरायला वॉशिंग्टनला गेले, आणि गेले ते खासगी विमानांनी. पुढच्या वर्षी क्रायसलर आणि जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेल्या. आम्ही सुटे भाग करणारी छोटी कंपनी. आमच्याकडे दर शुक्रवारी कुणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं. खोक्यात कॉफीचा मग, पोरांचे फोटो आणि बहुतेक वेळा एक निळी टोपी. सोमवारी कॉफीच्या मशीनपाशी लोक लायन्सबद्दल बोलत, कारण बाकी ज्याबद्दल बोलायला हवं होतं ते बोलवत नव्हतं. “काल बघितलंस?” “बघितलं.” मग दोघांनी मान हलवायची. परक्या गावात एवढ्या भांडवलावर माझ्या तीन मैत्र्या उभ्या राहिल्या. जिंकणाऱ्या संघाच्या गावात मला हे इतकं सहज जमलं असतं असं वाटत नाही. जिंकणाऱ्यांत नवा माणूस उपरा वाटतो. हरणाऱ्यांना मोजायला माणसं कमीच पडत असतात.

२०१२ मध्ये आम्ही घर घेतलं आणि शेजारी एक काका मिळाले. मोटारीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांना नावानेच हाक मारावी लागते. वडिलांच्या वयाच्या माणसाला असं एकेरी पुकारणं माझ्या जिभेला अजून जड जातं, म्हणून मनात मी त्यांना शेजारकाका म्हणतो. लायन्स शेवटचे अजिंक्य ठरले ते १९५७ मध्ये, तेव्हा काका नऊ वर्षांचे होते. अंतिम सामना डेट्रॉइटच्या ब्रिग्ज स्टेडियमवर झाला, लायन्सनी क्लीव्हलँड ब्राऊन्सना ५९-१४ असं लोळवलं, आणि काका वडिलांच्या खांद्यावर बसून तिथे होते. पण ते सांगतात ती गोष्ट त्या सामन्याची नाही, त्याच्या आदल्या रविवारची.

ती अशी. सॅन फ्रान्सिस्को, केझार स्टेडियम, २२ डिसेंबर १९५७. बॉबी लेन पाय मोडून बाहेर बसलेला, त्याच्या जागी टोबिन रोट. हाफटाइमला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स २४-७ ने पुढे. दोन्ही संघांच्या खोल्यांमध्ये एक पातळ भिंत. पलीकडून हसण्याखिदळण्याचे, आरोळ्यांचे आवाज येताहेत, सामना खिशात घातल्यासारखे. अलीकडे लायन्स निमूट बसून ऐकताहेत. परत मैदानात उतरल्यावर आधी २७-७ झालं. आणि मग लायन्सनी सलग चोवीस गुण घेतले. ३१-२७.

काकांनी हे मला वीसेक वेळा तरी सांगितलं असेल. दर वेळी ती भिंत थोडी आणखी पातळ होते.

त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांत लायन्सनी बाद फेरीतला एकच सामना जिंकला, जानेवारी १९९२ मध्ये, डॅलस काउबॉइजविरुद्ध. अख्ख्या लीगने ज्याच्याकडे तोंडात बोट घालून बघावं असा बॅरी सँडर्स इथे दहा वर्षं धावला आणि १९९९ मध्ये आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्त झाला. कॅल्विन जॉन्सन नऊ हंगामांनंतर गेला. इथे गुणी माणसं येतात, अंग मोडेपर्यंत खेळतात आणि काही न मिळवता जातात. या सगळ्याला इथे तीन शब्दांचं नाव आहे, ‘सेम ओल्ड लायन्स’. आपल्याकडे ‘ये रे माझ्या मागल्या’ म्हणतात तसं.

तर हे असे लोक आणि त्यांच्या वाट्याला आलेला २०२३ चा हंगाम.

त्याची मुळं दोन वर्षं मागे जातात. जानेवारी २०२१ मध्ये डॅन कॅम्पबेल प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच पत्रकार परिषदेत म्हणाला, आम्हाला पाडलंत तर उठता उठता तुमच्या गुडघ्याच्या वाटीचा लचका तोडू. देशभर हशा पिकला. मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघत होतो: हा माणूस २००८ च्या त्या संघात होता, दुखापत होऊन जवळजवळ सगळा हंगाम बाहेर बसलेला. म्हणजे माझ्या पहिल्या सामन्याच्या वेळी आम्ही दोघेही नुसतेच बघत होतो.

त्याच महिन्यात मोठी अदलाबदल ठरली. बारा वर्षं इथे मार खाल्लेला क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. बदल्यात नव्या खेळाडूंच्या निवडीचे तीन हक्क मिळाले आणि वर जॅरेड गॉफ. आपल्याकडे भाजीवाली शेवटी मूठभर कढीपत्ता टाकते, तसा. खरं तर त्याहून वाईट. हा महागडा कढीपत्ता आमच्या फडताळातून एकदाचा न्या, म्हणून रॅम्सनी वर चार पैसे मोजले असा तो व्यवहार होता. गॉफ एके काळी रॅम्सचाच पहिल्या क्रमांकाने निवडलेला, त्यांना सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलेला खेळाडू. वर्षभरात स्टॅफर्ड तिकडे सुपर बोल जिंकला. डेट्रॉइटने टाळ्या वाजवल्या, घरची पोर चांगल्या घरी पडल्यासारख्या. इकडे गॉफ आणि मंडळींनी सतरांत तीन सामने जिंकले. पुढच्या वर्षी सुरुवात एक विजय, सहा पराभव; पण शेवट ९-८.

२०२३ चा पहिला सामना ७ सप्टेंबरला कॅन्सस सिटीत झाला, अजिंक्य संघाच्या घरी, त्यांच्या अजिंक्यपदाचा झेंडा फडकवायच्या रात्री. लायन्स २१-२० ने जिंकले. काका म्हणाले, “पहिला सामना जिंकणं वाईट. फसवतो.”

आठवडाभराने संप सुरू झाला. १५ सप्टेंबरच्या मध्यरात्री मोटार कामगार संघटनेने फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी काम बंद केलं. तसं पूर्वी कधीच झालं नव्हतं. पहिल्या तीन कारखान्यांत आमच्या जवळचा वेन गावातला फोर्डचा कारखाना होता. काका रोज सकाळी कॉफीचा मोठा थर्मास घेऊन फाटकाशी जायचे. एका शनिवारी मीही गेलो. फलक घेऊन उभ्या असलेल्या बहुतेकांच्या डोक्यावर लायन्सच्या निळ्या टोप्या. आणि लायन्सचे मालक कोण? फोर्ड घराणं, १९६० च्या दशकापासून. आताच्या मालकीण शीला फोर्ड हॅम्प या हेन्री फोर्डच्या पणती. कारखान्याच्या फाटकावर ज्यांच्याशी भांडायचं, रविवारी त्यांच्याच संघासाठी घसा फोडायचा. मी काकांना हे बोलून दाखवलं. त्यांनी मला कॉफी दिली आणि म्हणाले, “संघ त्यांचा नाही. संघाची कागदपत्रं त्यांची आहेत.” ऑक्टोबरच्या शेवटी तिन्ही कंपन्यांशी तोडगा निघाला तेव्हा लायन्स पाच-दोनवर होते.

मला सगळ्यात लख्ख आठवतो तो १९ नोव्हेंबर. अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना, आमच्याकडे पहाटे साडेतीनला सुरू. आई साताऱ्याहून आली होती. ती, मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा गोधड्या घेऊन टीव्हीसमोर. दहाच्या दहा सामने जिंकून आलेला आपला संघ. २४० धावा झाल्या तेव्हाच आईने चहा ठेवायला उठण्याचं निमित्त केलं. ट्रॅव्हिस हेड १३७ करून गेला. सकाळी अकराच्या सुमारास सगळं संपलं. घरात सुतक पडल्यासारखी शांतता. दुपारी एक वाजता लायन्सचा शिकागो बेअर्सशी सामना होता, पण टीव्ही लावायची कुणाची इच्छा नव्हती. काकांनीच दार वाजवलं. क्रिकेटचं त्यांना काही कळत नाही, पण आमचे चेहरे त्यांना बरोबर कळले. “हाफटाइमला किती होते?” एवढंच विचारलं.

मग त्यांच्या बेसमेंटमध्ये गेलो. तिथेही तेच. गॉफने तीन वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात दिला. चारएक मिनिटं राहिली तेव्हा लायन्स २६-१४ ने मागे. मुलगा सोफ्यावर पालथा झोपलेला, पहाटेपासून जागा. मी उठायच्या बेतात होतो. आणि मग एक टचडाऊन, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार. चेंडू परत मिळाला, दुसरा टचडाऊन, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ शिल्लक असताना. वर शेवटच्या क्षणी एडन हचिन्सनने शिकागोच्या क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू उडवला. ३१-२६. हा हचिन्सन इथलाच, पलीकडच्या प्लिमथ गावचा पोरगा. मी ओरडलो नाही. एका दिवसात दोन उलटसुलट गोष्टी पचवायची पोटाला सवय नव्हती. मुलगा मात्र जागा होऊन विचारत राहिला, कोण जिंकलं, कोण जिंकलं, आणि त्याला कुठल्या सामन्याबद्दल सांगायचं हे मला क्षणभर कळेना.

चार दिवसांनी थँक्सगिव्हिंग. लायन्स या सणाला १९३४ पासून घरच्या मैदानावर खेळतात, आणि ग्रीन बे पॅकर्सकडून २९-२२ असे हरले. आईने पूर्ण सामना बघितला. “हे सारखे सारखे का थांबतात रे? चहाला?” असं तिने विचारलं. खेळ तीन तास चालतो आणि चेंडू खेळात असतो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, हे ऐकल्यावर म्हणाली, “म्हणजे लग्नासारखंच की.” हरल्यावर तिने निकाल दिला: “हरले ना तुमचे? मग जेवून घ्या.”

२४ डिसेंबरला मिनियापोलिसमध्ये लायन्सनी वायकिंग्जना ३०-२४ हरवलं आणि तीस वर्षांनी गटविजेतेपद मिळालं. सामना संपल्यावर पाचच मिनिटांत बेल वाजली. दारात काका. अंगावर कोट नाही, पायांत घरातल्या सपाता, बाहेरच्या थंडीत. ते आत आले नाहीत, काही बोललेही नाहीत. हरल्यावर काय म्हणायचं ते त्यांना तोंडपाठ होतं, साठ वर्षांचा सराव. जिंकल्यावरचा मजकूर कुणी शिकवलेलाच नव्हता. शेवटी आईने त्यांच्या हातात चकलीचा डबा ठेवला आणि ते परत गेले.

माझंही तेच झालं होतं, हे मला नंतर लक्षात आलं. हरणारा संघ असला की रविवार संध्याकाळ मोकळी मिळते. जिंकायला लागल्यावर मी झोपेत आकडेमोड करायला लागलो. कोण हरलं तर आपल्याला कितवा क्रमांक, घरच्या मैदानावर किती सामने. आशेची ही कटकट मला कुणी सांगितली नव्हती.

३० डिसेंबरच्या डॅलसच्या सामन्याबद्दल फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. थोडक्यात: शेवटची तेवीस सेकंदं असताना लायन्सनी टचडाऊन केला, त्यानंतरच्या किकचा बरोबरी साधणारा सोपा गुण न घेता पुन्हा घुसून दोन गुण मिळवायचा जुगार खेळला, तो जिंकलाही, आणि पंचांनी रद्द केला. पास झेलणारा टेलर डेकर हा एरवी नुसता अडवणारा गडी. अशा गड्याने आधी पंचाला वर्दी द्यावी लागते. ती ६८ नंबरच्या डेकरने दिली, असं लायन्सचं म्हणणं. पंचांनी पुकारला ७० नंबर. २०-१९. वर्दी दिली पण नोंद चुकली, हे आपल्याकडे कुठल्याही सरकारी कार्यालयात घडतं. ते नव्वदेक हजार लोकांसमोर घडताना मी प्रथमच बघितलं.

१४ जानेवारी २०२४. फोर्ड फील्डवर बाद फेरी, आणि समोर कोण? रॅम्स. स्टॅफर्ड. ज्याला टाळ्या वाजवून निरोप दिला तो पाहुणा म्हणून आला आणि त्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. आमच्याकडे रविवारची रात्र, साताऱ्याला संक्रांतीची सकाळ. आईने तिळाचे लाडू वळून काकांच्या बेसमेंटमध्ये चिप्सच्या शेजारी ताट मांडलं होतं. टीव्हीवर हजारो माणसं स्टॅफर्डच्या नावाने शिमगा करत होती आणि आई एकेकाच्या हातावर लाडू ठेवून ‘गोड बोला’ म्हणत होती. मी भाषांतर करायचं टाळलं.

सामना २४-२३ असा जिंकला. बत्तीस वर्षांनी. शेवटी गॉफने आमोन-रा सेंट ब्राऊनला नेमका पास दिला, तेवढ्याने घड्याळ संपवण्यापुरते यार्ड मिळाले. मग अख्खं मैदान एका सुरात त्याचं नाव घ्यायला लागलं, जॅ-रेड गॉफ, जॅ-रेड गॉफ. ज्या संघाने त्याला कढीपत्त्यासारखं टाकलं होतं तोच समोर उभा होता. काकांनी तिळाचा लाडू अख्खा तोंडात घातला होता, त्यामुळे त्यांना ओरडता येत नव्हतं. नुसते हात वर.

पुढच्या रविवारी टँपा बे बुकेनीअर्सना ३१-२३ हरवलं. आता सुपर बोल एका सामन्यावर. २८ जानेवारी, सॅन फ्रान्सिस्कोजवळ सँटा क्लारा, समोर फोर्टीनाइनर्स.

पहिल्या अर्ध्यात लायन्स असे खेळले की मी कधी बघितलं नव्हतं. धावून तीन टचडाऊन. हाफटाइमला फलकावर आकडे आले: लायन्स २४, फोर्टीनाइनर्स ७.

बेसमेंटमध्ये दंगा चालू होता, मुलगा आणि त्याचे मित्र सोफ्यावर उड्या मारत होते. काका उठून जिन्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा बघितल्यावर माझ्या लक्षात आलं. चोवीस-सात. तेच दोन संघ, तोच हाफटाइम, तेच आकडे, फक्त नावं उलटी. या वेळी पातळ भिंतीच्या पलीकडे दंगा करणारे आम्ही होतो.

“कुणाला सांगू नकोस,” काका म्हणाले.

मी नाही सांगितलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २४-१० असताना लायन्स त्यांच्या २८ यार्डांच्या रेषेवर पोचले. चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. पंचेचाळीसेक यार्डांची किक मारली असती तर तीन गुण. कॅम्पबेलने घुसायचं ठरवलं. पास बरोबर होता, जॉश रेनॉल्ड्सच्या हातांवर आला आणि निसटला. त्यानंतर फोर्टीनाइनर्सचा एक लांब पास आमच्या बचावपटूच्या शिरस्त्राणाच्या जाळीवर आदळून उडाला आणि पडता पडता ब्रँडन आयुकने झेलला. एक्कावन्न यार्ड. मग टचडाऊन. मग लगेच नवख्या जमीर गिब्जच्या हातून चेंडू सुटला. हा गिब्जही स्टॅफर्डच्या व्यवहारातून मिळालेल्या हक्कातूनच आलेला. २४-२४. चौथ्या क्वार्टरमध्ये पुन्हा चौथा प्रयत्न, तीन यार्ड, बरोबरी साधणारी किक पुन्हा नाकारली, पुन्हा फसलं. सलग सत्तावीस गुण गेले. ३४-३१.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला हिशेब येत होता. किक मारायला हवी होती. ऑफिसातले सहा इंजिनिअर सहा तक्ते करून बसले होते. माझं मत वेगळं आहे आणि ते मी तेव्हाही सांगितलं. नोव्हेंबरात लॉस एंजेलिसला चार्जर्सविरुद्ध ३८-३८ असताना लायन्स २६ यार्डांच्या रेषेवर होते, चौथा प्रयत्न, दोनच यार्ड हवेत. किक समोर असताना कॅम्पबेल घुसला, यश आलं, घड्याळ संपवून ४१-३८ जिंकला. तेव्हा हेच लोक त्याला वाघ म्हणत होते. तीच चाल, तेच दोन यार्ड, दोन यार्डांनी इकडेतिकडे तीच जागा. नोव्हेंबरचा वाघ ठेवून घ्यायचा आणि जानेवारीचा परत करायचा, असं दुकान मला माहीत नाही. मी असतो तर पहिल्या वेळी घुसलोच असतो. दुसऱ्या वेळी... नाही, दुसऱ्या वेळी किक मारली असती. पाय लटपटले असते माझे.

कॅम्पबेल सामन्यानंतर म्हणाला की मी पोरांना सांगितलंय, ही कदाचित आपली एकमेव संधी असेल. मला तसं वाटत नाही, पण इथवर यायला काय लागतं ते मला माहीत आहे, असंही तो म्हणाला. काकांनी ते ऐकलं आणि टीव्ही बंद केला. वर जाऊन त्यांनी व्हरांड्यातला निळा झेंडा काढला नाही. एरवी शेवटच्या पराभवानंतर त्याच रात्री काढतात.

फेब्रुवारीत आई परत गेली. एप्रिलमध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीचा सोहळा डेट्रॉइटमध्येच झाला, तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर माणसं आली. मुलाला घेऊन मी गेलो होतो, पण गर्दीत आम्हाला फक्त टोप्या दिसल्या.

ऑगस्टमध्ये, नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी, एका संध्याकाळी काका आमच्याकडे बसले होते. मुलाने रेकॉर्डिंगच्या यादीत तो सामना शोधून काढला. मी नको म्हणणार होतो, पण काकांनी खुर्ची पुढे ओढली. आम्ही जाहिराती पळवत बघितलं. जेमसन विल्यम्सची बेचाळीस यार्डांची धाव दोनदा बघितली. मग फलकावर आकडे आले आणि खेळाडू आत जायला लागले. काकांनी मुलाच्या हातातून रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

“पुढचं?” मुलगा म्हणाला.

“पुढचं मी सांगतो,” काका म्हणाले. “केझारला दोन खोल्यांच्या मध्ये एक भिंत होती...”

“किती पातळ?” त्याने विचारलं.